सरकीच्या दोन वाट्या

२ फेब्रुवारी, रविवार. अकोला.
सकाळी रशीद चाचांच्या तालमीत. बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात चाचा बॉक्सिंग शिकवतात. आज तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीवर मेक्सिकोचा बॉक्सर विरुद्ध फिलिपाईन्सचा. अकोल्याची सगळी पोरं मेक्सिको, कारण चाचा मेक्सिकोवाल्यांसारखं पोटात मारायला शिकवतात. अमरावतीहून जीप भरून आलेली सगळी फिलिपाईन्स, कारण त्यांचे सर त्या फिलिपाईन्सवाल्यासारखेच डावखुरे. नकाशात दोन्ही देश दाखवा म्हटलं तर एकालाही येणार नाही.

चाचांची रीत तीच. टीव्हीचा आवाज बंद, पुढ्यात दोघांच्या दोन वाट्या, नीट बसलेल्या प्रत्येक ठोशाला एक सरकी. "गर्दी झूट बोलते बेटा. कान बंद कर, डोये उघड." याच वाट्यांवर शिकून मी पंचाची परीक्षा पास झाले. आज फिलिपाईन्सच्या वाटीत सात सरक्या जास्त निघाल्या. निकालही तोच लागला.

तालमीतली नाझनीन चिडली. "ताई, तू अकोल्याची हायेस का अमरावतीची?"

हसले सगळे. मग बाहेर दोन्हीकडच्यांची हाणामारी. जीपची काच फुटली. दोन गरीब मुलखांची पोरं तिसऱ्याच्या देशात एकमेकांची तोंडं फोडतात, आणि त्यांच्यासाठी आम्ही इथे.

७ फेब्रु.
विभागीय स्पर्धेचं पत्र आलं. पंच म्हणून माझं नाव! बाबांनी पत्र तेलाच्या गिरणीत नेऊन सगळ्या हमालांना दाखवलं. "घरातली पहिली बी.ए. अन् आता पंच." माझा पंचाचा पांढरा शर्ट स्वतः इस्त्री केला.

प्रत्येक वजनगटात एकच मुलगी राज्याला जाणार. राज्याचं प्रमाणपत्र म्हणजे पोलीस भरतीत खेळाडूंची जागा. कापसाचे भाव पडल्यापासून गावोगावच्या मुलींना हाच एक दरवाजा दिसतो. नाझनीनच्या अम्मीने तिला सांगून ठेवलंय, यंदा नाही तर निकाह.

१४ फेब्रु. अमरावती.
नाझनीन विरुद्ध अंजनगावची पल्लवी. पल्लवी डावखुरी, हलकी, चपळ. मी पंचप्रमुखांना सांगितलं, सर, नाझनीन माझ्या ओळखीची आहे, मला यातून काढा. ते म्हणाले, "तीनच पंच आहेत मॅडम. बसा."

बसले. मागून अमरावतीची पोरं ओरडायला लागली, "अकोल्याची पंच हाय बे! झाला निकाल!" "मॅडम, मेक्सिकोचं मीठ खाल्लं का?"

पहिला राउंड नाझनीनचा. तिसरा पल्लवीचा. दुसरा मी पल्लवीला दिला. उरलेल्या दोन पंचांत एक इकडे, एक तिकडे. माझ्या कागदावर पल्लवी जिंकली.

तेच लोक टाळ्या वाजवत होते. "मॅडम इमानदार हाय!" मला बरं वाटलं. हे लिहून ठेवते. बरं वाटलं.

१५ फेब्रु.
तालमीचं दार उघडं होतं, पण कोणी 'ये' म्हणालं नाही. भिंतीवर कोळशाने लिहिलंय, 'फिलिपाईन्सची मॅडम'. चाचा दोरीला गाठ मारत बसले होते. वर पाहिलं नाही.

एका प्रामाणिक माणसाशी असं वागतात? सगळ्यांना न्याय हवा, फक्त आपल्या बाजूने लागलेला.

१७ फेब्रु.
अकोल्याने तक्रार केली. दुसऱ्या राउंडबद्दल माझा लेखी खुलासा मागवलाय, उद्या दुपारी बारापर्यंत. पल्लवीच्या गावात पेढे वाटून झाले. ती शिबिराला गेलीसुद्धा.

बाबा म्हणाले, "तू काहून भेतं? जे दिसलं ते लिही."

दुपारी नाझनीन आली. डोळ्याखालचं निळं आता पिवळं झालंय. मोबाईल पुढे केला. तिच्या भावाने समोरच्या बाजूने काढलेला व्हिडिओ. मग पिशवीतून दोन वाट्या काढल्या, चाचांच्याच. मूठभर सरकी.

"आवाज बंद करून पाह्य."

दुसरा राउंड तीनदा पाहिला. पोटावरचे ठोसे, एकामागून एक, पल्लवीच्या कोपराखालून. तिन्ही वेळा नाझनीनची वाटी भरत गेली. पल्लवीच्या वाटीत चार-पाच.

मी म्हणाले, "माझी खुर्ची पलीकडे होती. पल्लवीची पाठ मध्ये येत होती."

"ते मले समजते." ती सरकी बोटाने चाळवत राहिली. "तुले एकही दिसला नाही का, ताई? मी मारला का तिचा दम तुटे. आवाज येत होता."

मला तेव्हा मागची पोरं ऐकू येत होती. अकोल्याच्या गर्दीसाठी कान बंद केले होते. अमरावतीचीही गर्दीच आहे, हे सुचलंच नाही. एक-दोन ठोसे दिसले असतील. लिहिताना हात थांबला होता, तेवढं आठवतं. हात कशासाठी थांबला होता?

"अम्मीने पाहुणे बोलावले रविवारी," नाझनीन उठत म्हणाली. "तू लिही नाही तर नको लिहू. मले फक्त सांग."

सांगितलं नाही. ती मोबाईल घेऊन गेली, वाट्या इथेच ठेवून.

१८ फेब्रु.
सकाळचे दहा. कागदावर तारीख, माझं नाव, आणि 'दुसऱ्या राउंडमध्ये मला'. त्यापुढे अजून काही नाही. बाबा पांढऱ्या शर्टाला इस्त्री करून राहिले आहेत.