उभं विमान

अकोला, पोळ्याची कर

साळा प्रकाश आज जेवताना म्हणाला, "भाऊजी, वैशालीची ही स्वस्त विमान कंपनी काही टिकत नाही." माझी पोरगी वैशालीच बोलली, "मामा, आमी विमान उभं ठेवतच नाही. प्रवासी उतरले का सीटवरचा कचरा आमीच उचलतो, अन् लगेच उडतो."

हवाईसुंदरी अन् कचरा? बायकोचा घास हातातच राहिला. माझी छाती मात्र फुगली. लहानपणी अंजनगावच्या स्टँडवर माझ्या जीपमधली शेंगांची टरफलं हीच झाडायची. गाडी लवकर फिरली तरच स्वस्त भाडं परवडते, हे तिले मीच शिकवलं.

कंपनी टिकते काय? कापसाचा भाव पडल्यापासून माझीच जीप अर्धी रिकामी जाते, विमानाचं मी काय सांगू... पोरगी विमानात आहे, हे स्टँडवर सगळ्यायले सांगून झालं. उद्या कचऱ्याचंही सांगतो.