उपाशी फ्लास्क

९ फेब्रुवारी

ताप उतरला एकदाचा. आज प्रयोगशाळेत गेले. तीन दिवस अंथरुणात होते, पण "कुठे होतीस?" असं एकानंही विचारलं नाही. गाईड मॅडमनी नुसतं चष्म्यावरून पाहिलं. तापात दार वाजल्याचं आठवतंय, दोनदा बहुतेक. घरमालकीणच असणार, तो गळका नळ बघायला. उठलेच नाही.

पण माझे फ्लास्क! यीस्टनं तिप्पट एन्झाइम केलंय! साखर फोडणारं हेच एन्झाइम वाढावं म्हणून वर्षभर तापमान बदललं, आंबटपणा बदलला, ढिम्म फरक नाही. आणि मी आजारी पडले तर हे!

शेजारच्या टेबलावरची उंच बुरशीबाई (बुरशीवर काम करते, नाव मी मनातल्या मनात ठेवलंय) हिला फोनवर विनवलं होतं, रोज सकाळी माझ्या फ्लास्कना ग्लुकोज घाल म्हणून. "हो, बघते," म्हणाली. म्हणजे घातलं तिनं. इथे आल्यापासून कुणीतरी माझ्यासाठी काही केल्याची ही पहिलीच वेळ. थँक्यू म्हणणार होते. जीभ रेटली नाही.

१३ फेब्रुवारी

मॅडम : "एकदा आलं ते आलं नाही. महिनाअखेर पुन्हा आणून दाखव, नाहीतर संशोधनाच्या मुदतवाढीचं विसर."

म्हणजे बोचकं बांधून घरी. आई दारातच म्हणणार, "मी म्हटलं नव्हतं?"

१७ फेब्रुवारी

नाही आलं.

१९ फेब्रुवारी

पुन्हा नाही. तेच यीस्ट, तेच तापमान, फ्लास्क हलवत ठेवणारी तीच खडखडणारी शेकरची पेटी. रोज सकाळी हातानं ग्लुकोज घालतेय, लेकरासारखं जपतेय. कार्टी फुगतात, माजतात, आणि एन्झाइमच्या नावानं शंख!

रविवार. आईचा फोन. "जेवलीस का?" — "हो." बिस्किटं खाल्ली होती. दिवसभरात त्याशिवाय बोलले ते दुकानात : "पिशवी नको." संपला दिवस. फार एकटं वाटतं. लिहून टाकलं, बरं झालं.

२२ फेब्रुवारी

शेवटी बुरशीबाईलाच विचारलं. त्या दिवसांत ग्लुकोज नेमकं किती घातलंस? तिचं तोंड एवढंसं झालं.

"अगं... घातलंच नाही. डोक्यात दुसरंच होतं तेव्हा. राहूनच गेलं. चिडलीस?"

"छे गं!" म्हटलं आणि शीतगृहात जाऊन रडले. ग्लुकोजसाठी नाही रडले. एकच माणूस आपलं वाटलं होतं, तेही मीच मानून घेतलेलं.

मग नाक पुसता पुसता थांबले. घातलंच नाही! फ्लास्कमध्ये साधी साखर होतीच. पण मी रोज आयतं ग्लुकोज तोंडात भरवत होते, मग ती साखर फोडायला एन्झाइम कशाला करतील? आयतं मिळाल्यावर हातपाय कोण हलवतो! ग्लुकोज संपलं, पोटाला चिमटा बसला, तेव्हा लागली कामाला. शहाणी मी, माया करकरून त्यांना आळशी केलं.

२७ फेब्रुवारी

उपाशी ठेवले. आलं! तीनही फ्लास्कमध्ये आलं!

मॅडम हसल्या. "शाब्बास. वाढवून घे मुदत." जिना उतरताना उडी मारली. मग खाली उभी राहिले — कुणाला सांगू? आईला फोन केला. तिला वाटलं, मी परत येतेय. मुदत वाढली म्हटल्यावर "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

यीस्टला उपाशी ठेवलं की एन्झाइम करतं. मी इतके दिवस उपाशीच आहे की, माझ्यात काय तयार झालं? बुरशीबाईशी पाच दिवस धड बोलले नाही, एवढंच. ती दोनदा टेबलापाशी येऊन गेली. मी मान वर केली नाही.

१ मार्च

घरमालकीण आली नळ बघायला. म्हटलं, "काकू, तापात तुम्ही दार वाजवत होता, उघडलं नाही. माफ करा."

"मी कुठे? ती तुमच्या कामावरची उंच मुलगी. दोन दिवस लागोपाठ डबा घेऊन आली. तुम्ही उघडेनात, तर जिन्यात बसून राहिली बराच वेळ. मलाच विचारत होती, आत बरी असेल ना हो ती?"

डोक्यात दुसरंच होतं, म्हणाली होती. ते दुसरं म्हणजे मी!