सुट्टीकाका

९ सप्टेंबर

आज कॉलेज बंद ठेवलं! पहाटे प्राचार्यांना उठवलं. ते म्हणाले, "तुमचं काय मत?" मी म्हटलं, वादळाचा इशारा आहे, बस निघायच्या आत ठरवायला हवं. "मग पाठवा." सुट्टीच्या मेसेजचं बटण दाबलं — हजारो फोन एकदम वाजले असतील. पेपरात जन्म काढला, पण इतक्या पहाटे इतके वाचक कधी मिळाले नव्हते.

दुपारी ऊन पडलं.

१० सप्टेंबर

फाटकातच पोरांनी गाठलं. "सुट्टीकाका, सोमवारचंही बघा ना काहीतरी!"

चला, नाव पडलं. निवृत्तीनंतरच्या नोकरीत एवढं तरी पदरात पडलं.

१७ सप्टेंबर

पुन्हा इशारा, पुन्हा बंद, पुन्हा ऊन.

बैठकीत सगळ्यांदेखत प्राचार्य म्हणाले, "आमचे हे म्हणजे, आभाळाने जांभई दिली तरी मेसेज!" सगळे हसले. मीही हसलो, वाक्य चांगलं होतं. नंतर बाजूला घेऊन हळूच — "आणखी एकदा असं झालं, तर या कामाला दुसरं माणूस बघावं लागेल."

'मग पाठवा' कोण म्हणालं होतं, ते विचारलं नाही.

१८ सप्टेंबर

डोक्यातून जात नाही. वादळ आलं नाही, म्हणून मी चुकलो. आलं असतं, तर पोरं घरी सुखरूप — म्हणजे तेव्हाही काही घडलं नसतं. मग आपण बरोबर होतो हे दिसणार कशात?

हिला विचारलं. ही भाजी निवडत होती. "अहो, पेपरात घडलेलं लिहायचात. आता घडू नये म्हणून लिहिता. त्याला टाळ्या कोण वाजवणार? ताट वाढू का?"

विचारात आमटी गार झाली.

२५ सप्टेंबर

बसप्रमुखाबरोबर, कॉलेजच्या बस जातात त्या ओढ्यावरच्या पुलापर्यंत जाऊन आलो. काम काही नव्हतं, बघावंसं वाटलं. कठडे माझ्या गुडघ्याएवढे!

"साहेब, तुमचं माझं बरं जमलंय," तो म्हणाला. "शिव्या तुम्हाला, झोप मला."

१ ऑक्टोबर

तिसरा इशारा. प्राचार्य फोन उचलेनात. उपप्राचार्य — "छे छे, मी कसं सांगू? त्यांनाच विचारा." ते उचलत नाहीत हे सांगेपर्यंत यांनीही ठेवला.

दोन्ही मेसेज लिहून ठेवले होते — चालू आणि बंद. बस सुटायची वेळ होत आलेली. नोकरी डोळ्यांपुढे आली. मग ते कठडे.

बंद पाठवला.

लख्ख ऊन! औषधालाही ढग नाही.

३ ऑक्टोबर

प्राचार्य म्हणाले, "उद्यापासून नाही आलात तरी चालेल."

खोलीची किल्ली टेबलावर ठेवली. विचारलं, आता मेसेज कोण पाठवणार?

"मी. त्यात काय आहे एवढं?"

खरंच, काय आहे? मलाही नीटसं सांगता आलं नसतं. पण त्यांचं कसं होतंय, याची उत्सुकता मात्र आहे.

११ ऑक्टोबर

माझा नंबर यादीतून काढायचा राहिलाय. पहाटे फोन वाजला — 'आज महाविद्यालय बंद. — प्राचार्य.'

खिडकी उघडली. चांदण्या! हवामान खात्याचं पान पाहिलं. इशारा कसला — तुरळक सरींची शक्यता.

हिला उठवून दाखवलं.