मुकं मशीन

सास्तूर, जुनं गावठाण

प्रिय पप्पांना शंभूचा नमस्कार,

मी मजेत आहे. काकू पोटभर जेवल्याशिवाय उठूच देत नाही. आजीचे गुडघे कसे आहेत?

भूकंपात पडलेल्या आपल्या घराची जागा भागवतकाकांनी दाखवली. आजी ज्याची वाट बघते, तो छोट्या आत्याचा दुसरा चांदीचा वाळा इथंच राहिला, असं तेही म्हणतात.

काकांनी कुणाचंतरी धातू शोधायचं मशीन आणलंय. जाहिरातीत वीस फूट खोलवरचंही सापडतं असं सांगतात, आणि ते पावलापावलाला ‘सोनं’ म्हणतं! काका प्रत्येक ठिकाणी नारळ फोडून खणतात. खूप खोल गेल्यावर निघतात फक्त पत्र्याचे खिळे. तरी म्हणतात, “धन खाली सरकतंय रं!”

आमच्या डिटेक्टरवाल्या ग्रुपमध्ये असल्या कंपनीला कुणी विचारत नाही. माझ्या मशीनची कंपनी डब्यावरच लिहिते, छोटी वस्तू वीतभर खोल असेल तरच सापडेल. तेवढं खरं बोलते, म्हणून तिला मान आहे.

मी अख्खी जागा तीनदा फिरलो, पप्पा. माझं मशीन एकदाही वाजलं नाही. नंतर कळलं, ढिगारा सपाट करताना इथं कमरेएवढा भराव टाकलाय.

“तुझं मुकं हाय, माझं घे,” काका म्हणाले. खरं सांगू? मी ते हातात घेतलंही होतं.

उद्याच्या बसनं निघतोय. आजीला काय सांगायचं ते तुम्ही ठरवा. फक्त मशीन बिघडलं असं सांगू नका. ती दुरुस्तीची वाट बघत बसेल.

तुमचाच,
शंभू