देवाच्या प्रोजेक्टरमधून उसने घेतलेले तीन डायोड

ओंगया मंदिर, तिसरी गल्ली
नववा महिना, सव्वीस

तीर्थस्वरूप दाजी यांस,

धाकट्या मेहुण्याचा, थिएन-सोकचा, कमरेतून वाकून नमस्कार. (पुरता वाकलो असतो, पण उजवा गुडघा महिनाभर संपावर आहे.) तुमचा रक्तदाब कसा आहे? ताईचा दमा? मी ताईला फोन करतो तेव्हा मागे तुमचा खोकला ऐकू येतो, पण तो रागाचा की कफाचा हे ताइचुंगहून इतक्या लांबवर कळत नाही. कफाचा असेल तर आल्याचा काढा घ्या, रागाचा असेल तर हे पत्र शेवटपर्यंत वाचा. आम्ही इकडे कुशल आहोत. आ-सुइ माझ्याशी बोलत नाही, पण बायको आहे, बोलेल कधीतरी. देव मात्र बोलायला लागलाय आणि खरी पंचाईत तीच आहे. दोन आठवड्यांनी आपल्या ग्रामदेवाचा, ओंगयांचा, वाढदिवस. त्या संध्याकाळी देवळासमोर सिनेमा दिसला पाहिजे, आणि देवाच्या प्रोजेक्टरमधल्या आठ दिव्यांपैकी आज पाचच जिवंत आहेत. तीन मी मारले. सिनेमा दिसला नाही तर चौतीस वर्षांची माझी प्रोजेक्टरवाल्याची खुर्ची जाणार, हे देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष चुंग यांनी मला चारचौघांत ऐकवून झालंय.

जुना विषय काढायचा नाही असं ठरवून लिहायला बसलो होतो, पण तो काढल्याशिवाय नवा सुरूच होत नाही. गेल्या वर्षअखेरच्या जेवणाला, आमच्या डिस्क-ड्राइव्ह कारखान्यातल्या म्हाताऱ्यांच्या मेळाव्यात, आपण दोघांनी मिळून केलेला हातातला लेझर नेला होता. नळी तुमची, तिचा बोअर, म्हणजे आतलं भोक, तुमच्या लेथवर कातलेलं, आणि तिच्यात दाबून बसवलेला निळा डायोड, लेझरचा इवलासा दिवा, माझा. दहा काळे फुगे ओळीने बांधलेले, ज्याचा किरण जास्त फोडेल तो जिंकला. आपल्याच गावच्या बोक-सूने सात फोडले. आपण धरला, तर फुग्याला वाटलं कोणी उदबत्ती ओवाळतंय. दहाच्या दहा टेबलं हसली. तेव्हा मी जे म्हणालो ते तुम्हाला पाठच असेल: ‘बोअरच वाकडा असेल तर डायोड बिचारा काय करणार!’ तुम्ही चॉपस्टिक खाली ठेवल्या, छत्री उचलली आणि मासा यायच्या आत निघून गेलात. (मासा शिळा होता. तुमचं काही गेलं नाही.) एक्केचाळीस वर्षं लेथवर काढलेल्या माणसाला ते लागलं असणार, मला मान्य आहे. पण मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. बोअर वाकडा होता. किंचित. केसाएवढा. तोही टक्कल पडलेल्या माणसाच्या केसाएवढा म्हणा हवं तर.

तर यंदा मी हट्टाला पेटलो, की दाजींशिवाय लेझर करायचा आणि बोक-सूचे सातही दात घशात घालायचे. तुमच्या कातलेल्या सहा नळ्या खणात होत्याच. (हो, नळ्या तुमच्याच. पण तुम्ही रागावायच्या आधी दिलेल्या, म्हणून त्या धरायच्या नाहीत.) बाजारातून आणलेले डायोड मी उन्हाळ्यातच खलास केले होते. मग एक दिवस देवळाचा नवा प्रोजेक्टर पुसायला उघडला आणि माझी नजर फिरली. आत एका ताटलीवर आठ निळे डायोड, प्रत्येक आपापल्या तांब्याच्या कड्यात, जावयासारखे ऐटीत बसलेले. (तुम्हाला उद्देशून नाही.) आता आपल्याकडे देवळातला सिनेमा बघतं कोण? ज्याचा नवस फिटतो तो देवाला सिनेमा दाखवतो, देव गाभाऱ्यातून बघतो, आणि रिकाम्या खुर्च्यांत मी आणि डास. आठाचे सात दिवे झाले तर फरक कोणाला कळणार?

पण मी चोर नाही, दाजी. मी रीतसर कौल लावला. (तुमची व्हिएतनामची सून ऐकत असेल तर तिच्यासाठी: अर्ध्या चंद्राच्या आकाराचे दोन लाकडी तुकडे देवापुढे टाकायचे. एक उताणा, एक पालथा पडला तर ‘हो’. दोन्ही पालथे तर ‘नाही’. दोन्ही उताणे पडले तर देव तुम्हाला हसतोय.) मी विचारलं, एक डायोड उसना घेऊ का? देव हसला. पुन्हा विचारलं, पुन्हा हसला. चार वेळा हसला. पाचव्यांदा ‘हो’ आला. महत्त्वाच्या कामाला लागोपाठ तीन ‘हो’ लागतात हे मलाही ठाऊक आहे. पण वाटाण्याएवढ्या वस्तूसाठी देवाला तीन-तीनदा बोलायला लावणं बरं दिसत नाही, म्हणून मी लाकडं लगेच गुंडाळून ठेवली. डायोड काढला. ते आठही सणाच्या दिव्यांच्या माळेसारखे एकामागे एक जोडलेले, एक गेला की सगळी माळ विझते. रिकाम्या जागी तार जोडली, उरलेले सात लागले, आणि मी एखाद्या प्रामाणिक माणसासारखा शीळ घालत घरी आलो.

पुढचं सगळं दाबण्यात आहे. डायोड नळीच्या तोंडाशी ठेवायचा, मधल्या काचेला धक्का न लावता नुसती कड धरून सरळ आत दाबायचा. तुम्ही तो वाइसच्या जबड्यात धरून दांडा पाव फेरा फिरवून थांबायचात, वाकून बघायचात, नाकातून हुंकार काढायचात, मग पुढचा पाव फेरा. मला त्या हुंकाराचा फार राग यायचा. आता वाइस तुमच्याकडे आणि हुंकारही तुमच्याकडेच, म्हणून मी आ-सुइचा मोहरीच्या पाल्याच्या लोणच्यावर ठेवायचा धोंडा घेतला. डायोड आत गेला, पण आडवा, आणि त्याचा एक पाय मोडला. वर घराला आठ दिवस लोणच्याचा वास आणि लोणच्याला तांब्याचा. मग दुसरा उसना आणला. (तोच कौल चालतो असं मी धरलं. देवाला परत परत विचारणं म्हणजे अविश्वास.) या खेपेला दाराच्या बिजागरीत धरून दाबला आणि कसा सुरेख बसला! फक्त मी देवळाच्या कमिटीचं ते नायलॉनचं जाकीट घातलं होतं, वारा कोरडा सुटला होता, आणि अंगातली वीज जमिनीत उतरवणारी तार मनगटाला बांधायची राहिली. बोटाला चट्‌ असा चटका बसला आणि संपलं. डायोडचं वाईट हे, की तो मेला तरी विझत नाही. मंद निळा उजेड देत जिवंत असल्याचं सोंग करत बसतो. आमच्या कमिटीत असे चौघे आहेत.

तिसरा मात्र सायकलवाल्याकडच्या वाइसमध्ये दाबला आणि दाजी, तो जमला. नारिंगी चष्मा लावला आणि देवळाच्या कोठीतच बटण दाबलं. किरण सुईसारखा सरळ गेला. (याचा बोअरशी संबंध लावू नये.) इतका सरळ गेला की कोठीचं दार उघडं आहे हे मला कळायच्या आत तो गाभाऱ्यात पोचला. काळ्या वस्तूवर या प्रकाशाचं फार प्रेम, आणि ओंगयांची दाढी काळीभोर, खऱ्या केसांची. धूर दिसला तेव्हा वाटलं उदबत्ती असेल. जवळ जाऊन बघतो तर देवाची दाढी डाव्या बाजूने दोन बोटं कमी! मी अध्यक्षांना उंदराचं नाव सांगितलं. आ-सुइने माझ्या अक्षरं काढायच्या ब्रशचे केस कापून चिकटवले, तेही एक अक्षर न बोलता. आता देव डावीकडून जरा तरुण दिसतो. त्या घाबरगुंडीत तो डायोड तरी परत करावा म्हणून नळीतून उपटायला गेलो, तर त्याचे पाय माझ्या चिमट्यात आले आणि धड तुमच्या नळीतच राहिलं.

गेल्या बुधवारी रताळेवाल्या बाईंनी मुलीला सरकारी नोकरी लागली म्हणून सिनेमा कबूल केला होता. पाच दिव्यांत नायक आणि खलनायक जुळे भाऊ वाटत होते. तरी मी म्हटलं, देवच तर बघतोय, सांगणार कोणाला? तर त्याने सांगितलं. सिनेमा संपल्यावर रीतीप्रमाणे अध्यक्षांनी विचारलं, देवा, समाधान झालं का? नाही. पुन्हा टाकलं, पुन्हा नाही. सहा वेळा नाही! रताळेवाल्या बाई रडायलाच लागल्या. मग अध्यक्ष गुडघे टेकून बसले आणि वकिलासारखी उलटतपासणी सुरू झाली. नैवेद्यात चूक झाली का? नाही. सिनेमा चुकला का? नाही. फटाके कमी उडाले का? नाही. मी खांबाच्या मागे उभा राहून देवळाच्या छपराची नक्षी बघत होतो. एवढ्यात बोक-सू म्हणाला, ‘अहो, मशीनचं काही आहे का ते विचारा की!’ हो. हो. हो. मशीनला कोणी हात लावला का? हो, पुन्हा तीनदा. माणूस गावातला? हो. आडनाव होंग? हो. निम्म्या गावाने सुस्कारा टाकला आणि उरलेल्या निम्म्यांना, म्हणजे आम्हा होंगांना, घाम फुटला. पहिल्या गल्लीतला? नाही. दुसऱ्या? नाही. दाजी, आपल्या गावात गल्ल्या तीनच आहेत!

मी पुढे झालो आणि म्हणालो, ‘काका, लाकडं खाली ठेवा. मीच तो.’ अध्यक्ष म्हणाले, ‘अरे थिएन-सोक, देवाच्या मशीनमधले दिवे काढलेस? उद्या देवाचे डोळे काढशील!’ त्यावर आ-सुइ, जी माझ्याशी बोलत नाही, ती सगळ्या गावाशी बोलली: ‘डोळ्यांचं माहीत नाही काका, दाढी काढून झाली.’ पुढचा अर्धा तास मी लिहीत नाही. शेवटी रताळेवाल्या बाईंनाच दया आली. त्या म्हणाल्या, वाढदिवसापर्यंत मुदत देता का, हे तरी विचारा. लागोपाठ तीन ‘हो’ पडले. म्हणजे आता देवानेच माझ्या वतीने शब्द दिलाय, आणि शेजारच्या गावचा भाड्याचा पडदावाला रोज येऊन देवळाच्या अंगणाची लांबी मोजून जातोय.

ताइपेहून तीन नवे डायोड मागवले ते काल आले. दुकानदार म्हणतो, हे मेले तर पुढचे नवीन वर्षानंतर. प्रोजेक्टरमधली तिन्ही तांब्याची कडी मी डायोड काढताना पकडीने चेपून ठेवलीत, म्हणजे नवी कातायला हवीत, आणि डायोड त्यांत सरळ दाबायला हवेत, एका फटक्यात. सायकलवाल्याने त्याचा वाइस मला द्यायचं बंद केलंय. आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटते. डबी उघडतो, डायोड बघतो, डबी बंद करतो. सकाळपासून चार वेळा झालं. असो. मी काही मागत नाही, आपलं माणूस म्हणून कळवलं. ताईला नमस्कार, सुनेला आशीर्वाद, आणि पंख्याखाली झोपू नका.

तुमचा,
थिएन-सोक

ता. क. सहज म्हणून कड्यांची मापं मागच्या पानावर लिहिली आहेत. बस सकाळी सव्वाआठला सुटते. वाइस जड आहे हे मला ठाऊक आहे, मी स्टॅंडवर हातगाडी घेऊन उभा राहीन. आ-सुइ कालवांचं आम्लेट करणार आहे, हे तिने मला शेजारणीकडून कळवलंय.

ता. क. २. वर लिहायचं राहिलं. मशीन कोणी दुरुस्त करावं हेही त्या दिवशी देवाला विचारलं होतं. तुमचं नाव घेतल्याबरोबर लागोपाठ तीन ‘हो’. आता देवाला नाही म्हणायचं की काय, ते तुमचं तुम्ही ठरवा.

ता. क. ३. बोअर वाकडा नव्हता. केसाएवढाही नव्हता. तिसरा डायोड मी जेवणाच्या दिवशीच्याच नळीत बसवला होता, आणि किरण कसा गेला ते वर लिहिलंच आहे. त्या जेवणाचा डायोड मी घरीच मारला होता, मनगटाला तार न बांधता, आणि निघताना मला ते माहीत होतं. वाटलं, तिथे पोचेपर्यंत काहीतरी होईल. झालं ते असं झालं. यंदाच्या जेवणाला हे मी दहा टेबलांसमोर उभा राहून सांगेन. तुम्ही आला नाहीत तरी सांगेन, पण मग ते ऐकायला बोक-सूच तेवढा उरेल.

ता. क. ४. दुसऱ्या ता. क. मधलं देवाचं खोटं आहे. तुमच्याबद्दल कौल लावलाच नाही. काल आणि आज दोनदा लाकडं हातात घेतली आणि परत ठेवून दिली. देव ‘नाही’ म्हणाला असता तर हे पत्र लिहायला मला तोंड उरलं नसतं.