वल्ही वाटणाऱ्याचा नेम

अण्णा,

आषाढ सरत आला की तुमची वल्ही मी भिंतीवरून खाली काढते. सोप्यात पोतं अंथरते, जवसाचं तेल कोमट करते आणि एकेका पात्यावरून चिंधी फिरवत बसते. तुम्ही गेल्यापासून हे एकाही वर्षी चुकलेलं नाही. यंदाही चुकलं नाही, फक्त यंदा हाताबरोबर तोंडही चालत होतं. तुमच्याशी भांडत होते मी. तुमचे जावई दारातून डोकावून म्हणाले, “कुणाशी बोलतीयास गं?” मी म्हटलं, “वल्ह्यांशी.” ते बिचारे चहा ठेवायला आत गेले. भांडणाचं कारण सांगते. यंदा कृष्णेवरच्या शर्यतीत पहिल्यांदा बायकांची होडी उतरणार आहे, त्यातली एक पोर हात मोडून बसलीय, आणि तिच्या जागेवर त्यांनी मला बोलावलंय. पन्नाशीच्या मला.

सगळी वल्ही अजून आहेत. पलटणीत असताना काश्मीरहून होल्डॉलमध्ये गुंडाळून आणलेलं ते पानाच्या आकाराचं, जे बघून आई म्हणाली होती, “लोकं केशर आनत्यात, आमच्या मालकांनी फळकूट आनलं.” कोयनेच्या धरणाकडचं लांब दांड्याचं, खोल पाण्यात वाऱ्यावर लाटा उठतात तिथं चालणारं. उन्हाळ्यात नदी आटल्यावर तळाला टेकवायचा बांबू. आपल्या होडी मंडळाची शर्यतीची, सागाची आणि धामणीची. पुरात काहिलीला लागणारं आखूड, रुंद पात्याचं. पाणी बदललं की वल्हं बदलतं, हे तुम्ही मला अक्षरओळखीच्या आधी शिकवलंत. आता भिंतीवर सगळी शेजारी शेजारी टांगलेली असतात. कुठं कुठं जायची हत्यारं, आणि जाणारं कुणी नाही. कधी कधी त्या सोप्यात मला श्वास पुरत नाही, अण्णा.

त्या काहिलीचा दिवस तुम्हाला आठवतच असेल. मी सोळाची असेन. पूर ओसरत होता, घाटापाशी गुऱ्हाळातली काहील बांधून ठेवलेली होती. गूळ कढवायची कढई ती, पण पुरात आपल्याकडं तीच होडी. मी गुपचूप तिच्यात बसले आणि ऐट म्हणून शर्यतीचं लांब वल्हं घेतलं. काहिलीला ना नाक ना शेपूट. एक हात मारला आणि ती जागच्या जागी गरगरायला लागली. दुसरा मारला तर आणखी जोरात. घाटावरची माणसं पोट धरून हसतायत, कुणीतरी ओरडतोय, “गूळ ढवळाय लागली रं पोरगी!” आणि तुम्ही धोतराचा काचा मारून कमरेएवढ्या पाण्यात शिरताय. काठाला हात घालून तुम्ही काहील ओढलीत. चेहरा पांढरा पडला होता तुमचा. “भाईर ये,” एवढंच म्हणालात. मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

संध्याकाळी आई चुलीपुढं भाकरी थापत होती. तुम्ही शर्यतीची सगळी वल्ही आणून स्वयंपाकघरात माझ्यापुढं ठेवलीत. मला वाटलं आता वाग्बाण सुटणार. तर तुम्ही म्हणालात, “माजा खांदा आता ऱ्हायला न्हाई. औंदापासनं मंडळाची वल्ही तू वाटायची. कुनाला कंचं, ते तू ठरवायचं.” मी तर हवेतच गेले. त्या गावात असा मान कुठल्या पोरीला मिळाला होता! मग तुम्ही एक भाकरी मोडून माझ्या ताटात घातलीत आणि म्हणालात, “पर वाटनाऱ्यानं होडीत बसायचं न्हाई. नेम हाय त्यो. न्हाईतर मानूस बरं वल्हं सोताला ठेवतंय.” आईनं तव्यावरून मान वर करून तुमच्याकडं पाहिलं. भाकरी करपली. आईची भाकरी करपलेली मी त्याआधी पाहिली नव्हती.

मी नेम पाळला. दरसाल मंडळाचे गडी ओळीनं सोप्यात उभे राहतात. मी दांडा हनुवटीला लावून बघते, मनगट दाबून बघते, पुढं बसणाऱ्या चपळ माणसाला अरुंद पात्याचं देते, मधल्या दांडग्यांना रुंद पात्याचं. जो रागारागानं पाणी कापतो त्याला जाणूनबुजून हलकं देते, म्हणजे लवकर दमत नाही. होडी जिंकली की आधी आपल्या दारात गुलाल पडतो. भावकीतल्या बायका चिडवतात, “हिचं म्हंजी उंटावरनं शेळ्या हाकनं!” मीही हसते. तुम्ही जावई घरातच आणलात, म्हणून सासरीसुद्धा जावं लागलं नाही. ज्या उंबऱ्यावर रांगले त्याच उंबऱ्याला हळदीकुंकू वाहते. शर्यती तोंडावर असल्या की नणंदेच्या मुलीच्या लग्नाला तासगावला जायचीसुद्धा चोरी. कुणाला सांगावं तर काय सांगावं, लोक म्हणणार, माहेर सुटलं नाही, नवरा शब्दाबाहेर नाही, गावात मान आहे, आणखी काय पाहिजे हिला?

दोन वर्षांमागं मुलाकडं साताऱ्याला गेले होते. त्यानं हौसेनं आम्हा सगळ्यांना कोयनेच्या पाण्यावर नेलं, मोटारबोटीत बसवायला. नातवंडं चढली, सून चढली, तुमचे जावईसुद्धा चढले. मी काठावर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसले. मोटारबोटीला कसलं आलंय वल्हं! पण पाय उचललाच नाही. ती पोरं लांब जाऊन ठिपक्याएवढी झाली आणि मला एकाएकी रडू आलं. आल्यावर सुनेनं विचारलं तर म्हटलं, ऊन लागलं.

तर यंदा त्या पोरी आल्या. त्यांच्या मापाची वल्ही दिली आणि त्या मोडल्या हाताच्या पोरीच्या जागी बसता का म्हणून त्यांनी विचारल्यावर नेमही सांगितला. त्यातली एक फटकळ आहे. म्हणाली, “काकू, कुनी केला नेम?” मी म्हटलं, नेम कुणी करत नाही, तो असतो. पण ते डोक्यातून जाईना. दुसऱ्या दिवशी तुमच्या मित्राकडं गेले, तुमच्या होडीचं सुकाणू धरायचे त्यांच्याकडं. आता त्यांना नीट दिसत नाही, आवाजावरून ओळखतात. मी विचारलं, “आवं काका, वल्ही वाटनाऱ्यानं होडीत बसायचं न्हाई, ह्यो नेम कवापासनचा?” ते हसायला लागले. “कसला नेम? तुजा बा सोता वल्ही वाटायचा आन सोता म्होरं बसायचा की गं. सगळ्यात बेस वल्हं त्येच्याच हातात आसायचं.” मग त्यांना काय ते कळलं असावं. हळू आवाजात म्हणाले, “भ्याला आसंल गं त्यो. येकलीच हुतीस तू त्येला.”

अण्णा, भ्यालात तर भ्यालो म्हणायचं होतं. मी समजून घेतलं असतं, किंवा घेतलं नसतं, भांडले असते, रडले असते आणि एखाद्या दुपारी पळून जाऊन पोहायला शिकले असते. मनाईला माणूस कधीतरी तोंड देतं. मानाला कसं तोंड द्यायचं? तुम्ही मला कोंडलंत आणि गावानं माझ्या गळ्यात हार घातला. आईला माहीत होतं आणि तीही बोलली नाही. मला तुमचा राग आला, अजून आहे, आणि तुमची आठवण येते ती त्या रागाला विचारून येत नाही. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, असं झालंय.

परवा सकाळी पोरींना म्हटलं, येते. मग वल्हं निवडायला बसले तर निवडता येईना. गावातल्या प्रत्येक माणसाची हनुवटी मला पाठ आहे, माझी कधी मोजलीच नव्हती. चौकटीला टेकून उभी राहिले आणि तुमच्या जावयांना दांडा लावून बघायला सांगितलं. त्यांनी दोनतीन बघितली आणि धामणीचं एक हातात दिलं. फार सुंदर नाही, पण मला बसतं.

सरावाला फुगीर जाकीट घालून, साडीवर ओढणी कसून मी मधल्या फळीवर बसले. खरं सांगते, मला वल्हवता येत नाही. वल्ह्याबद्दल जगाला शिकवणारी बाई पाणी उडवत होती, पुढच्या पोरीच्या पाठीवर दांडा आपटत होती. मधल्या धारेत होडी हलली तेव्हा काठाकडं मान वळली. मग केव्हातरी पात्यानं पाणी नीट धरलं. एकदाच. सगळी होडी माझ्या हाताखालून पुढं सरकली, असं मला वाटलं.

हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतंय. तेलाच्या चिंधीनं हात पुसते आणि चुलीकडं जाते. एवढंच सांगायचं राहिलं. होडी काठाला लागल्यावर सगळ्या पोरी उड्या टाकून उतरल्या, मी बसूनच राहिले. फटकळ पोरीनं हात पुढं केला तर म्हटलं, थांब गं, गुडघा धरलाय माझा. त्या गुडघ्याला काहीसुद्धा झालेलं नव्हतं, अण्णा.