वड्याचं तेल, पुऱ्यांचं तेल

२ डिसेंबर
शेडमध्ये मी बनवणार त्या तेलावर इंजिन चालवायला आबांनी शेवटी हो म्हटलं. सासरे म्हणून साधे, पण विहिरीवरच्या डिझेल इंजिनाच्या बाबतीत खाष्ट सासू. "एकदा बघू. इंजिन बिघडलं तर तुजी ती शेड बंद. पुन्ना तेलाचं नाव काढायचं न्हाय." कबूल. डेअरीच्या लॅबमध्ये रोज दुधाचा आंबटपणा काढते, तसाच तळणाच्या तेलाचा काढायचा. बायोडिझेल जमेल. जमू दे रे देवा.

४ डिसें.
दोन तेलं मिळाली. एमआयडीसीच्या गेटासमोर शौकतभाईंचा वड्याचा गाडा, त्यांचं पामतेल. काळंकुट्ट, पण रोज मिळेल. "न्या ताई. हे तेल पुन्ना कडईत जायला नको, एवडंच." दुसरं बावड्याला राहणाऱ्या मामाचं. लग्नातला आचारी तो, पुऱ्या तळलेलं सूर्यफूल. सोनेरी. पण तिथी असेल तेव्हाच.
तपासलं. पाम भलतंच आंबट, कॉस्टिक सोडा जास्त खाणार. सूर्यफूल गुणी बाळ.

७ डिसें., रवि.
मेथॅनॉल भसकन पेटतं, म्हणून शेडची दारं सताड उघडी, चूल लांब. दोन्ही तेलांचं बायोडिझेल वेगवेगळं केलं. बोअरच्या जड पाण्यानं धुतलं तर नुसता चिकट साका. मग आरओचा जार आणला. जमलं!!

११ डिसें.
सुट्टी. भर दुपारी इंजिन सूर्यफुलावर चालवलं. आबा कान देऊन उभे. "आवाज ग्वाड हाय." एवढं कौतुक लग्नात पण झालं नव्हतं माझं.
इंजिनाच्या टाकीचा डबा निम्मा रिकामा. मामाकडे पुढे महिनाभर लग्न नाही. वर पामचं बायोडिझेल ओतून डबा भरला. दिसायला दोन्ही सारखीच पातळ. आबांना सांगितलं नाही. सांगितलं तर दहा प्रश्न.

१५ डिसें.
पहाटे भयंकर गारठा. लाईट नव्हती म्हणून आबा कडवळाला पाणी द्यायला इंजिनावर. दोन मिनिटं चाललं, उचक्या दिल्या, बंद. हँडल मारून मारून दमले. ओरडले असते तरी चाललं असतं. पण खाली बसले, नुसते स्वतःच्या हाताकडे बघत. इंजिन गेलं असेल तर कडवळ वाळणार, गाईंना घालायचं काय...
डब्यात बोट घातलं. तूप! पाम थंडीत गोठलेलं. मी दुपारी तपासलं, इंजिन चालतं पहाटे. दीडशहाणी कुठली.

त्याच दि., ११ वा.
ऊन आल्यावर आबा घरी गेले, तेव्हा टाकी उपसली, फिल्टर धुतला, पंपावरचं डिझेल भरलं. मी मारलेल्या दुसऱ्याच हँडलला लागलं. पाट भरून पाणी. बांधावर बसून रडले, खुळ्यासारखी. सुटले बाई.

१७ डिसें.
आबांचा दोन दिवस हँडलला हात नाही. आज चहा देताना बोलले. "तुज्या तेलाचा दोष न्हाय पोरी. माजाच हात गेला आता. पैल्यागत जोर न्हाय लागत. इकून टाकावं म्हन्तो इंजिन."
गप्प बसले असते तर माझी शेड वाचत होती. अर्धा कप होईपर्यंत गप्प बसलेही. मग सांगून टाकलं. वड्याचं तेल, न विचारता मिसळलं, गोठलं, सगळं.
मला वाटलं, आता संपलं. तर आबा म्हणाले, "म्हंजी माजा हात बरा हाय म्हन की!"
आणि हसले. किती दिवसांनी.

१८ डिसें.
सकाळी लाईट होती तरी आबा विहिरीवर. हँडल मारायचं, इंजिन लागलं की आवाज ऐकायचा, बंद करायचं. पुन्हा मारायचं. चार वेळा मोजलं मी.
शेड चालू ठेवू का, विचारायला गेले होते, तशीच परत फिरले.